बस्ता दुसऱ्या मजल्यावर

परवा आमच्या बिल्डिंगमधली पोरं भांडत होती. पुण्यातला मॉल भारी की कोल्हापुरातला. मी तिथंच खुर्ची टाकून बसलो होतो आणि एक शब्द बोललो नाही. आमची ही स्वयंपाकघरातून बाहेर येऊन बघून गेली, मला बरं आहे ना म्हणून.

मला बरंच आहे. पण दोन गावांतल्या दुकानांची तुलना करायला जाऊन माझी एकदा जी काही शोभा झाली, तेव्हापासून या विषयावर मी तोंड उघडत नाही. आज उघडतो, कारण तुम्ही घरचेच आहात आणि चहा अजून उकळायचाय. फक्त मधेमधे हसू नका. मी सांगता सांगता विसरतो, आणि मग आमची ही येऊन तिच्या पद्धतीनं सांगते. तिच्या पद्धतीत मी आणखी मूर्ख दिसतो.

तर, ही नव्वदच्या दशकातली गोष्ट. मॉल हा शब्द तेव्हा आमच्याकडे पोचलाच नव्हता. शॉपिंग सेंटर म्हणायचे. एकाच इमारतीत साड्या, भांडी, चपला, वर एखादं ज्यूसचं दुकान. साताऱ्यात असं एक सेंटर झालं, आणि थोड्याच दिवसांत सांगलीत त्याहून मोठं झालं. नावं सांगत नाही, दोन्ही ठिकाणी मला अजून जावं लागतं.

मी साताऱ्याला हायस्कूलवर भूगोल शिकवायचो. आमच्या पेपरात 'फरक स्पष्ट करा' असा एक प्रश्न ठरलेला असतो. इतकी वर्षं तो प्रश्न काढून आणि तपासून माझं डोकंच तसं झालं होतं. कुठल्याही गावाला गेलो की मनात रेघ मारायची, एका बाजूला सातारा लिहायचं, दुसऱ्या बाजूला ते गाव. आता सातारा दरवेळी जिंकायचा, यात माझा काय दोष?

आमच्या साताऱ्याच्या सेंटरची एक गंमत सांगतो, म्हणजे पुढचं कळेल. सातारा सगळं उतारावर. वरच्या रस्त्यानं सेंटरमध्ये शिरलात की तुम्ही थेट पहिल्या मजल्यावर. खालच्या रस्त्यानं शिरलात तर तळमजल्यावर. आम्ही सगळे वरच्या रस्त्यानंच जायचो. त्यामुळे आमच्या हिशेबानं दारातून आत पाऊल टाकलं की पहिला मजला, आणि एक जिना चढला की दुसरा. याचा मला फार अभिमान होता. वर्गात उदाहरण म्हणून सांगायचो, भूरचनेचा मानवी जीवनावर होणारा परिणाम.

आता लग्नाकडे येतो. माझा थोरला भाऊ, आम्ही त्याला दादा म्हणतो, सैन्यात सुभेदार. त्याचं पोस्टिंग तिकडे वर कुठंतरी बर्फात. वहिनी आणि माझी पुतणी सुनंदा गावाकडं, रहिमतपूरला. सुनंदाचं लग्न सांगलीच्या एका घरात ठरलं. मुलगा सरकारी ओव्हरसियर, माणसं चांगली. सुपारी फुटली त्या दिवशी मी इलेक्शन ड्यूटीवर होतो, त्यामुळे मी त्यांच्यातलं एकही माणूस बघितलेलं नव्हतं. वहिनी नंतर म्हणाल्या की सरकारची एवढी एकच गोष्ट त्यांना आवडली.

मग आला बस्ता. दोन्हीकडची माणसं एकत्र दुकानात बसतात आणि लग्नाचं सगळं कापड घेतात. नवरीचा शालू, नवऱ्याचं सफारीचं कापड, मानाच्या साड्या, टॉवेल, टोप्या. कापड हे नुसतं निमित्त. त्या गादीवर बसून दोन घरं एकमेकांना तोलत असतात, आणि ज्यांना फाटे फोडायचे असतात ते तिथंच फोडतात. दादाला रजा मिळणार ती लग्नापुरतीच. म्हणून मुलीकडचा घरचा पुरुष माणूस म्हणून बस्त्याला मी बसायचं ठरलं.

मी रहिमतपूरला गेलो तर वहिनी शेंगा फोडत बसल्या होत्या.

"भावजी, बस्ता सांगलीला हाय. त्यांच्या त्या नव्या सेंटरात."

"सांगलीला? आणि साताऱ्यात काय वाईट आहे हो? आपलं सेंटर..."

"हेच ते. हे तितं बोलायचं न्हाई."

"मी काय बोललो?"

"फलटणच्या लोकांना काय बोलला होता?"

आता हे फलटणचं प्रकरण वहिनी दरवेळी काढतात. सुनंदाला आधी फलटणचं एक स्थळ आलं होतं. मी पाहुण्यांना सहज म्हणालो होतो की तुमच्या एस.टी. स्टँडवर उन्हाळ्यात बसवत नाही, आमच्याकडे तसं नाही. पुढं पत्रिका जुळत नाही असं त्यांचं पत्र आलं. पत्रिका हे कारण मला पुरेसं वाटलं होतं. वहिनींना वाटलं नव्हतं.

तेवढ्यात सुनंदा चहा घेऊन आली. कप ठेवून ती निघून जाते नेहमी. त्या दिवशी तिथंच उभी राहिली. खाली बघत म्हणाली, "काका, मला हे घर आवडलंय. आणि सुपारीच्या दिवशी ते बोलले माझ्याशी, तेही मला आवडलेत. तुम्ही बस्त्याच्या एका दिवसापुरतं साताऱ्याचं नाव काढू नका. मी तुमच्या पाया पडते."

या पोरीला मी लहानपणी खांद्यावर बसवून जत्रा दाखवली आहे. तिनं माझ्याकडे कधी काही मागितलेलं नाही. खरं सांगतो, मला स्वतःची लाज वाटली. मी तिला शब्द दिला. सांगलीत पाऊल टाकल्यापासून बाहेर पडेपर्यंत सातारा हा शब्द माझ्या तोंडातून निघणार नाही.

बस्त्याच्या दिवशी मंडळी रहिमतपूरहून पॅसेंजरनं सांगलीला येणार होती. मी साताऱ्याहून एस.टी.नं. वहिनींनी निरोप पाठवला होता, सेंटरमध्ये दुसऱ्या मजल्यावर बस्त्याचा विभाग आहे, तिथं या.

आता त्या सेंटरचं वर्णन करायला हरकत नाही, कारण इथं सुनंदा नाही. पुढं सगळी काच. दार उघडायला टोपीवाला माणूस. आपण हात लावायच्या आत तो दार ओढतो, त्यामुळे आपला हात हवेत राहतो. आत शिरल्या शिरल्या पिशवी काढून घेतली आणि पत्र्याचा बिल्ला दिला. साताऱ्यात आमची पिशवी कोणी मागत नाही. एसी इतका, की मी शर्टाचं वरचं बटण लावलं. भिंतीवर मोठी पाटी, 'एकच भाव'. आणि लिफ्ट, तिच्यात स्टुलावर बसलेला एक माणूस. लिफ्टपुढे रांग होती, म्हणून मी जिन्यानं निघालो.

एक जिना चढलो आणि थांबलो. दुसरा मजला.

आता तुम्ही म्हणाल, जिन्यात पाटी नव्हती का? असेल. नकाशे वाचणारा माणूस पाट्या वाचत नाही.

तिथं साड्यांचाच विभाग होता. पांढऱ्या चादरी घातलेल्या लांबलचक गाद्या, आणि त्यावर वीसेक माणसं गोल करून बसलेली. मधे साड्यांचा ढीग. मला बघताच सेल्समन उठून म्हणाला, "या काका, या. तुमचीच वाट बघत होतो." सेल्समन हे वाक्य पोस्टमनलासुद्धा म्हणतात, हे मला तेव्हा सुचायला हवं होतं.

मी नजर फिरवली. आमच्याकडचं कोणीच नाही. म्हणजे पॅसेंजर लेट. आणि ही सगळी नवऱ्याकडची माणसं. मधोमध एक जाड चष्म्याच्या, भारदस्त बाई बसल्या होत्या, त्या विहीणबाई असणार. मुलीकडची माणसं यायच्या आत यांनी बस्ता सुरूही केला होता, याचा मला राग आला. साताऱ्यात असं चालत नाही, हे वाक्य माझ्या दातांपर्यंत आलं आणि मी ते गिळलं. हात जोडून म्हणालो, "नमस्कार मंडळी. मी सुभेदारांचा भाऊ."

"व्हय व्हय," पागोटेवाले एक आबा सरकून जागा करत म्हणाले, "सुभेदारांचं नाव लय ऐकलंय. बसा पावणं."

झालं, माझी खात्रीच पटली. दादाचं नाव पार सांगलीत पोचलंय म्हणून छातीही जरा फुगली. नंतर कळलं ते असं, की आमच्या या दोन जिल्ह्यांत घरटी एक सुभेदार असतो. त्या गादीवर एका बाजूला आटपाडीकडची मुलीची माणसं होती, दुसऱ्या बाजूला मिरजेकडची मुलाची. आटपाडीकर समजले, मी मुलाच्या घरच्या सुभेदाराचा भाऊ. मिरजकर समजले, मी मुलीच्या घरच्या सुभेदाराचा. आणि मी त्या सगळ्यांनाच एक घर समजलो. बस्त्यात असं सहज होतं. एका बाजूला दुसऱ्या बाजूचे काके-मामे कुठं माहीत असतात? जो येतो त्याला दोन्हीकडून चहा मिळतो.

मलाही मिळाला. मी चहा पीत गप्प बसलो. दिलेला शब्द आठवून अगदी दगडासारखा.

सेल्समननं शालू उलगडला. जांभळा, मोठा काठ. चष्मेवाल्या बाईंनी माझ्याकडे बघितलं.

"कसा वाटतो?"

शालू बरा होता. पण बरा म्हणायला गेलो आणि पुढं तुलना निघाली तर? मी नुसती मान हलवली. थोडीशीच.

"यांना पसंत दिसत नाही," बाई हळूच म्हणाल्या. "वरचा दाखवा."

वरचा आला. मी पुन्हा तेवढीच मान हलवली. त्याच्या वरचा आला. तिकडे पांढऱ्या टोपीतले एक मिशाळ गृहस्थ सफारीचं कापड निवडत होते. त्यांनीही ताग्याचं टोक माझ्यापुढं धरलं. "पावणं, ह्ये बरं हाय न्हवं?" मी कापड चाचपलं आणि काही बोललो नाही. ते गृहस्थ कपाळ पुसत सेल्समनला म्हणाले, "ह्याच्यापरीस भारी काढा."

तर असा प्रकार चालला होता. एकीकडे शालू भारी होत निघाला, दुसरीकडे सफारी. जो तो समजत होता की समोरच्यांकडचा हा घुम्या पाहुणा नाराज आहे. मला आपलं वाटत होतं की सुनंदा दिलदार घरात पडतेय, आणि माझं मौन किती कामी येतंय. वहिनी येऊन बघतील तेव्हा काय म्हणतील, याचा विचार करत मी दुसरा चहा घेतला.

शेवटी बाईंना राहवलं नाही. "काका, तुम्ही मोकळेपणानं सांगा. काही चुकलं का आमचं?"

"छे, छे. छान चाललंय. सांगली ती सांगलीच."

मी हे मनापासून म्हणालो होतो. पण आयुष्यात प्रथमच दुसऱ्या गावाची स्तुती करत असल्यामुळे त्यात सराव नव्हता, आणि ते टोमण्यासारखं निघालं.  सगळे एकमेकांकडे बघायला लागले.

आणि मग त्या आबांनी घात केला. माझ्या कानाशी येऊन, अगदी आपुलकीनं, तंबाखू मळत मळत म्हणाले, "आवं पावणं, सातारला ह्योच माल सस्तात मिळतोय म्हंत्यात. खरं हाय का?"

तुम्हीच सांगा, मी काय करावं? मी तो शब्द काढला नव्हता. त्यांनी काढला होता. भूगोलाच्या मास्तराला कोणी प्रश्न विचारला तर उत्तर न देणं हे पेशाला धरून आहे का?

"सस्तात?" मी म्हणालो. "आबा, नुसतं सस्तात नाही."

बस. इतके दिवस अडवून धरलेलं सगळं पाणी एकदम सुटलं. साताऱ्याच्या सेंटरमध्ये गादी कशी जाड असते, साडी दिवसाच्या उजेडात कशी दाखवतात, घेणाऱ्यांच्या घरच्या पुरुष माणसाला फेटा कसा फुकट देतात, सगळं सांगितलं. सेल्समन बिचारा सांगलीचा. त्यानंही तोंड उघडलं.

"काका, आमच्याकडे लिफ्ट आहे."

"लिफ्ट कशाला लागते? आमच्याकडे रस्ताच मजल्यापाशी येतो."

"एसी आहे."

"आमच्याकडे हवा आहे."

"एकच भाव आहे. फसवाफसवी नाही."

"एकच भाव म्हणजे गिऱ्हाइकानं बोलायचंच नाही? मग माणसानं दुकानात यायचं कशाला, घरी बसून पोस्टानं मागवावं."

आबा खदखदून हसले. मला आणखी जोर चढला. शेवटी मी उभा राहून बोलत होतो, वर्गात बोलतो तसा, आणि हातात खडूच्या जागी साडीचा पदर होता.

आणि तेवढ्यात चष्मेवाल्या बाई उठल्या. मला वाटलं, संपलं. सुनंदाचा चेहरा डोळ्यापुढं आला. पण बाई म्हणाल्या, "हे बरोबर बोलतायत. माझं माहेर वाईकडचं. माझ्या बहिणींचे सगळे बस्ते साताऱ्याला झाले. मी पहिल्यापासून म्हणत होते तिकडं जाऊ, पण माझं ऐकतंय कोण? आवरा सगळं. गाडी काढा."

मी थक्क झालो. साक्षात विहीणबाई साताऱ्याच्या बाजूनं. सांगलीच्या गादीवर बसून मी सांगली जिंकली होती. वहिनी कुठं राहिल्या, त्यांनी हे बघायला हवं होतं.

मिशाळ गृहस्थ मात्र तडकले. "आता? येवढं सगळं काढल्यावर? आन् आमी काय येडं म्हणून बसलोय हितं सकाळधरनं?"

"मग काय झालं, घरच्यांना आवडायला नको?" बाई म्हणाल्या.

"मुलीकडच्यांना इचारलं का तुमी? आपल्याच मनाचं करायचं आसंल तर मग ह्ये लगीन तरी कशाला करताय?"

लग्नाचा शब्द निघाल्यावर मी हातातला पदर खाली ठेवला. म्हटलं, नवऱ्याकडचीच माणसं आपसात भांडून आमच्या पोरीचं लग्न मोडतील. आता मलाच मधे पडायला हवं. मी दोन्ही हात वर करून म्हणालो, "शांत व्हा. मुलीकडच्यांची काळजी करू नका. मुलीकडच्यांना सातारा चालतोय."

"तुमी कोण सांगणार?"

"मीच सांगणार. मुलीकडचा मीच तर आहे."

ते गृहस्थ माझ्याकडे बघत राहिले. "मुलीचा बाप मी हाय."



बाईंनी चष्मा काढून पुसला आणि परत घातला. "म्हणजे हे तुमच्यातले नव्हेत?"

"आमच्यातलं? आमी समजलो तुमच्यातलं."

"आम्ही समजलो तुमच्यातले."

आबांनी तंबाखू तोंडात टाकायची तशीच धरली होती. ते म्हणाले, "मग सुभेदार कुनाचं?"

 मी म्हणालो, "आमची सुनंदा..."

"आमची पोरगी छाया," मिशाळ गृहस्थ म्हणाले.

पुढची काही मिनिटं मी तुम्हाला सांगणार नाही. एवढंच सांगतो, की दोन्हीकडची माणसं माझ्यावर एकदम तुटून पडली आणि त्यात त्यांच्यात विलक्षण एकी झाली. मघाशी लग्न मोडायला निघालेले ते गृहस्थ आणि त्या बाई एकमेकांना टाळ्या देत होती. कोण कुठला माणूस, चहा पिऊन गेला, आणि त्याच्या नादाला लागून आपण भांडत होतो. तो पहिला जांभळा शालू त्यांनी परत मागवला. सफारीचं पहिलंच कापड काढायला लावलं. एकट्या आबांना माझी दया आली. ते म्हणाले, "जाऊ द्या रं. शिकल्यालं मानूस हाय, चुकायचंच." यात माझी बाजू त्यांनी घेतली की नाही, ते मला अजून कळलेलं नाही.

सेल्समननं मला दंडाला धरून, अगदी सभ्यपणे, जिन्यापर्यंत आणलं.

"काका, आपला बस्ता कुठल्या मजल्यावर आहे?"

"दुसऱ्या."

"हा पहिला आहे."

"पहिला खाली."

"खाली तळमजला, काका. रस्त्याला लागून असतो तो तळमजला." हे त्यानं मला समजावून सांगितलं. मला, भूगोलाच्या मास्तराला.

मी वरचा जिना चढायला लागलो. गंमत म्हणून आता सांगतोय, तेव्हा गंमत नव्हती. मुलीच्या बापाच्या जागी बसायला आलेला माणूस बस्त्याला हजरच नाही. विहीणबाई मानी आहेत असं ऐकलं होतं. याच्यापेक्षा मोठा अपमान काय असतो? फलटण नुसतं बोलण्यानं गेलं होतं, सांगली माझ्या न येण्यानं जाणार. सुनंदाला तोंड कसं दाखवणार होतो मी?

वर पोचलो. बस्ता बांधून तयार होता. गाठोड्यांना हळदकुंकू लावलेलं, वर नारळ. वहिनी आणि एक गोऱ्यापान बाई मांडीला मांडी लावून बसल्या होत्या आणि कशावरून तरी इतक्या हसत होत्या, की दोघींच्या डोळ्यांत पाणी होतं. म्हणजे पॅसेंजर वेळेवर आली होती.

"हेच का सुनंदाचे काका?" त्या बाई, म्हणजे खऱ्या विहीणबाई, म्हणाल्या. "तुमची वाट बघितली आणि मग सुरू केलं हो. राग नाही ना आला? तुमच्या वहिनी म्हणाल्या, शाळेत तपासणी असेल."

"नाही, राग कसला." मी वहिनींकडे बघितलं. वहिनी नारळाकडे बघत होत्या.

सुनंदा उठून माझ्या पाया पडली. वाकल्यावर हळूच म्हणाली, "काका, तुम्ही मुद्दाम आला नाहीत ना? आपल्याकडून काही बोललं जाऊ नये म्हणून. माझ्यासाठी खालीच थांबलात ना?"

 मी खालीच थांबलो होतो, हे तर खरं. मी तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि काही बोललो नाही. त्या दिवसभरातलं माझं हे एकच मौन जागेवर पडलं.

पण सुख टिकायचं नव्हतं. तेवढ्यात व्याही भडंगाच्या पुड्या घेऊन जिन्यानं वर आले, तेच हसत. "अहो ऐकलं का, खालच्या मजल्यावर कायतरी अफाट झालंय. कोणीतरी एक येडा माणूस परक्यांच्या बस्त्यात बसला, दोनदा चहा प्यायला आणि सगळ्या वऱ्हाडाला साताऱ्याला घेऊन निघाला होता."

"साताऱ्याला?" विहीणबाई म्हणाल्या.

"साताऱ्याचाच होता म्हणे."

वहिनींनी नारळावरची नजर काढली आणि माझ्यावर ठेवली. मी म्हणालो, "साताऱ्याचा नसेल. कराडची माणसं कधीकधी साताऱ्याचं नाव सांगतात."

सुनंदानं पदराचा बोळा तोंडात कोंबला. तिचे खांदे हलत होते. रडत नव्हती, एवढं मला कळलं, आणि मी भडंगाची पुडी सोडली.

त्या रविवारी दादाचा फोन आला. रहिमतपूरला घराशेजारच्या मेडिकलमध्ये यायचा त्याचा फोन. वहिनी बोलल्या आणि मग रिसीव्हर माझ्या हातात देत म्हणाल्या, "भावजी, बस्त्याचं तुमीच सांगा."

"कसा झाला?" दादा विचारत होता. मधे खरखर येत होती.

"फार चांगला. एक शब्द वाकडा गेला नाही. विहीणबाई आणि वहिनींची तर गट्टी जमली."

"तू असून?"

"मी पहिल्या मजल्यावर होतो."

"आणि बस्ता?"

"दुसऱ्या."

  मग त्यानं विचारलं, "मंगल कार्यालयाला मजले किती आहेत रे?"

"दोन. वर लग्न लागतं, खाली पंगती बसतात."

"मग तू पंगतीकडं बघ," दादा म्हणाला. "जिना चढू नकोस."

सैन्यातल्या माणसाचा हुकूम, मोडायचा कसा? लग्न फार देखणं झालं म्हणतात.